साराजेव्होनं स्वतःवर तोफगोळे टाकले नव्हते

'साराजेव्होचा धडा' नावाचा एक लांबलचक फॉरवर्ड सध्या मराठी गटांमध्ये फिरतोय. मला तो मावशीकडून आला. मावशीनं आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला आणि कित्येक वर्षं ती गावातल्या शांतता कमिटीत आहे. सणांच्या आधी पोलीस ठाण्यात बैठक होते तिला ती न चुकता जाते. फॉरवर्ड वाचून तिनं मला फोन केला. "मग आम्ही इतकी वर्षं काय केलं गं?" म्हणाली. पुढच्या बैठकीला जायचं की नाही, याचा ती विचार करत होती. म्हणून हे लिहायला बसले, आणि रागातच बसले.

फॉरवर्डचं म्हणणं थोडक्यात असं: युगोस्लावियातून फुटून निघालेल्या बोस्नियातल्या साराजेव्होत १९९२ मध्ये युद्ध पेटलं कारण तिथले धर्म शतकानुशतकं एकमेकांचे वैरी होते. शांतता मोर्चावाले सगळ्यात आधी मेले, म्हणजे शांततेचं काम निरुपयोगी. वेढा वगैरे नावालाच, संयुक्त राष्ट्रांनी सगळ्यांना पोसलं, लोक मैफिली आणि सौंदर्यस्पर्धा करत बसले. बाजारातला बॉम्बस्फोट त्यांनी सहानुभूतीसाठी स्वतःच घडवला, आणि हे "तिथे असलेल्या आपल्या मराठा रेजिमेंटच्या जनरलनीच सांगितलं". शेवटी सल्ला: युद्धकाळात शहर वाचवायचं तर शेजाऱ्यावर नजर ठेवा, घरभेदे आधी निपटा.

"बाजारातला स्फोट त्यांनीच घडवला"

याच्यापासूनच सुरुवात करते, कारण ही गोष्ट मेलेल्या माणसांवर खुनाचा आरोप करते.

५ फेब्रुवारी १९९४, शनिवार. दुपारी बाराच्या सुमारास मार्काले नावाच्या भर वस्तीतल्या मंडईत १२० मिलिमीटरचा एक उखळी तोफगोळा पडला. ६८ माणसं मेली, १४४ जखमी झाली. शहराला वेढा घालून बसलेल्या बोस्नियन सर्ब (म्हणजे बोस्नियातल्या ऑर्थोडॉक्स ख्रिश्चन) सैन्याच्या तोफा भोवतीच्या डोंगरांवर होत्या. "तो गोळा आमचा नव्हे, आत कुणीतरी स्फोटकं पेरली होती," असं त्या सैन्याच्या बाजूनं लगेच सांगितलं गेलं. फॉरवर्डमधलं वाक्य तिथून आलेलं आहे.

आता जनरलसाहेबांचं. लेफ्टनंट जनरल सतीश नंबियार हे मराठा लाइट इन्फन्ट्रीचे अधिकारी, आणि युगोस्लावियातल्या संयुक्त राष्ट्रांच्या सैन्याचे पहिले प्रमुख. हे खरं. पण त्यांचा कार्यकाळ मार्च १९९२ ते मार्च १९९३. मार्कालेचा गोळा पडला तेव्हा त्यांना ते पद सोडून जवळजवळ एक वर्ष झालं होतं. ज्या घटनेच्या वेळी माणूस तिथे नव्हता, तिचा साक्षीदार म्हणून त्याला उभं करायचं, तेही मराठा रेजिमेंटचं नाव लावून, म्हणजे मराठी वाचक पुढचं तपासणार नाही. नंबियार यांनी १९९९ मध्ये एक लेख लिहिला होता. सर्बांना सरसकट राक्षस ठरवणं आणि बाकी सगळ्यांना निर्दोष मानणं चूक आहे, असं त्यात होतं. ते मत वाचण्यासारखं आहे, पण मार्कालेत कुणी कुणाला मारलं याचा तो पुरावा होत नाही.

पुरावा दुसरीकडे आहे. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणात वेढा घालणाऱ्या सैन्याचा सेनानी स्तानिस्लाव गालिच याच्यावर खटला चालला. बचाव पक्षानं पेरलेल्या स्फोटकांचा मुद्दा तिथे मांडला. न्यायाधीशांनी जमिनीतला खड्डा, गोळा कोणत्या कोनातून आला, त्याचा शेपटाकडचा भाग जमिनीत किती खोल रुतला होता, हे सगळं तज्ज्ञांकडून ऐकलं. नुसता ठेवून फोडलेला गोळा असा रुतत नाही. गोळा सर्ब सैन्याच्या ताब्यातल्या भागातून आला आणि मुद्दाम नागरिकांवर टाकला गेला, असा निकाल ५ डिसेंबर २००३ ला लागला. ३० नोव्हेंबर २००६ ला अपिलात गालिचची वीस वर्षांची शिक्षा जन्मठेपेपर्यंत वाढली.

यात अर्धं सत्य जिथे आहे तेही सांगते, नाहीतर उद्या कुणीतरी तेवढंच उचलून आणेल. संयुक्त राष्ट्रांच्या पहिल्या तपासणीत गोळा कोणाचा हे ठरवता आलं नव्हतं. आणि गालिच खटल्यातल्या तीन न्यायाधीशांपैकी एकाचं मत या मुद्द्यावर वेगळं होतं. पण 'लगेच ठरवता आलं नाही' याचा अर्थ 'त्यांनीच केलं' असा कुठल्या तर्कानं होतो? वेगळं मत देणाऱ्या न्यायाधीशाचा आक्षेप पुरावा पुरेसा आहे का, यावर होता. पुढे बोस्नियन सर्बांचा राजकीय नेता राडोवान काराजिच याच्या खटल्यात वेगळ्या न्यायाधीशांनी हाच प्रश्न पुन्हा तपासला आणि २०१६ मध्ये उत्तर तेच आलं.

"वेढा नावालाच, लोक मजेत होते"

मदत येत होती, हे मान्य. ३ जुलै १९९२ पासून ९ जानेवारी १९९६ पर्यंत विमानांनी सुमारे १ लाख ६० हजार टन सामान साराजेव्होत उतरवलं. पण ३ सप्टेंबर १९९२ ला असंच मदत आणणारं एक इटालियन विमान पाडलं गेलं आणि त्यातले चौघे मेले. मग कित्येक दिवस उड्डाणंच बंद.

वेढा ५ एप्रिल १९९२ ते २९ फेब्रुवारी १९९६ असा चालला, १४२५ दिवस. वीज, गॅस, पाणी कधी येईल याचा भरवसा नाही. हिवाळ्यात रस्त्यावरची झाडं तोडून झाल्यावर लोकांनी घरातली लाकडी फरशी उखडून जाळली, मग जुने बूट, मग पुस्तकं. फुटलेल्या खिडक्यांना संयुक्त राष्ट्रांचं प्लॅस्टिक. पाण्यासाठी कॅन घेऊन रांगा, आणि रांगेवर तोफगोळा. १२ जुलै १९९३ ला दोब्रिन्या वस्तीत एका घराच्या अंगणातल्या पंपापाशी लोक पाणी भरायला उभे असताना गोळा पडला, दहाहून अधिक माणसं गेली. त्याआधी १ जूनला त्याच वस्तीत मुलांनी-तरुणांनी दोन इमारतींमधल्या वाहनतळावर फुटबॉलचे सामने भरवले होते. तिथेही तेच झालं. या दोन्ही घटना गालिचच्या निकालपत्रात आहेत. ज्याला 'मजा' म्हणायची आहे त्यानं तेवढी पानं वाचावीत.

सौंदर्यस्पर्धा झाली, हो. मे १९९३ मध्ये. त्या मुलींनी मंचावर जो फलक धरला होता त्यावर लिहिलं होतं, "त्यांना आम्हाला मारू देऊ नका." फॉरवर्डला जोडलेल्या फोटोत तो फलक कापलेला आहे.

"शतकानुशतकांचं वैर"

१९९१ च्या जनगणनेत साराजेव्होत सव्वापाच लाखांवर लोक होते. जवळजवळ निम्मे मुस्लीम, तीस टक्क्यांच्या आसपास सर्ब, साडेसहा टक्के क्रोएट, म्हणजे कॅथलिक ख्रिश्चन. आणि दहा टक्क्यांहून जास्त माणसांनी स्वतःची ओळख नुसतीच 'युगोस्लाव' अशी लिहिली होती. शतकांचं वैर जपणाऱ्या शहरात दहातला एक माणूस जात-पंथाचा रकाना असा ओलांडत नाही. झेयनेबा हार्दागा या मुस्लीम बाईनं दुसऱ्या महायुद्धात ज्यू शेजाऱ्यांना आपल्या घरात आसरा दिला होता. १९९४ मध्ये तिला साराजेव्होच्या वेढ्यातून काढून जेरुसलेमला नेण्यात आलं ते त्या जुन्या उपकाराची आठवण ठेवूनच.

"शांततेचं काम निरुपयोगी"

मावशीला लागलं ते हे. ५ एप्रिल १९९२ ला शांततेच्या मोर्चातली माणसं व्र्बान्या पुलावर आली तेव्हा गोळीबार झाला. सुआदा दिलबेरोविच ही वैद्यकीची विद्यार्थिनी आणि ओल्गा सुचिच, दोघी तिथे मारल्या गेल्या. दुसऱ्या दिवशी संसदेसमोरच्या गर्दीवर हॉलिडे इन हॉटेलमधून गोळ्या आल्या. मोर्चानं युद्ध थांबलं नाही, हे मला मान्य करावंच लागेल. ते थांबलं १९९५ मध्ये, नाटोच्या हवाई हल्ल्यांनंतर आणि डेटनच्या शांतता करारानं.

पण शांततेचं काम मोर्चावर संपलं, असं फॉरवर्ड लिहिणाऱ्याला कुणी सांगितलं? तोफा लावणाऱ्यांना शहर धर्मावार कापून हवं होतं. त्यांना ते आतून मिळू नये म्हणून वेढ्यातली माणसं रोज काय करत होती ते बघा. 'ला बेनेव्होलेन्सिया' ही ज्यूंची जुनी संस्था, १८९२ सालची. युद्धात तिनं औषधांची दुकानं आणि अन्नछत्र चालवलं आणि कुणालाही धर्म विचारला नाही. काम करणारेही मुस्लीम, सर्ब, क्रोएट, ज्यू असे सगळे. तिनं बसचे ताफे काढून लोकांना शहराबाहेर नेलं, त्यांतले निम्म्याहून अधिक ज्यू नव्हते. 'ओस्लोबोजेन्ये' हे दैनिक कार्यालयाची इमारत उद्ध्वस्त झाल्यावरही तळघरातून निघत राहिलं. संपादक केमाल कुर्सपाहिच मुस्लीम, उपसंपादक गोर्दाना क्नेजेविच सर्ब. कागद संपत आला की पानं कमी व्हायची, अंक मात्र निघायचा. युरोपियन संसदेचा १९९३ चा साखारोव पुरस्कार त्यांना मिळाला. तळघरांत आणि जिन्यांवर शाळा भरल्या. ज्यांचे नातेवाईक बाहेर अडकले होते त्यांचे निरोप हौशी रेडिओवाल्यांनी पोचवले. १९९४ मध्ये शहरातल्या सर्बांनी मिर्को पेयानोविच यांच्या पुढाकारानं सर्ब नागरी परिषद स्थापन केली. "डोंगरावरून तोफा डागणारे आमच्या नावानं बोलत नाहीत," ही त्यांची भूमिका होती. १९९५ चा राइट लाइव्हलीहूड पुरस्कार त्यांना मिळाला.

आणि हे एकट्या साराजेव्होत नव्हतं. सर्बियाच्या राजधानीतून, ज्या बेलग्रेडमधून युद्धाला पाठबळ मिळत होतं तिथे 'काळ्या वेषातल्या स्त्रिया' ऑक्टोबर १९९१ पासून दर आठवड्याला चौकात उभ्या राहत, शिव्या खात, अंगावर थुंकी झेलत.

यातल्या एकाही कामानं तोफ बंद पडली नाही. पण वेढा उठला तेव्हा तिथे सर्ब, क्रोएट, ज्यू शेजारी राहिलेले होते. पहिल्यापेक्षा खूप कमी, हे खरं, पण होते. शांतता कमिटीचं मोजमाप करायचं तर यावर करा.

"शेजाऱ्यावर नजर ठेवा, घरभेदे निपटा"

हा सल्ला साराजेव्होत खरोखर अमलात आणला गेला होता. फॉरवर्ड लिहिणाऱ्याला ते माहीत नसावं, नाहीतर त्यानं दुसरं शहर निवडलं असतं.

मुशान तोपालोविच, शहरात 'त्सात्सो' म्हणून ओळखला जाणारा, शहराच्याच बाजूनं लढणाऱ्या एका ब्रिगेडचा प्रमुख. शहर वाचवणारा म्हणून सुरुवातीला त्याचा दबदबा होता. त्याची माणसं घरांतून लोक उचलून खंदक खणायला नेत. त्यातल्या काहींना, बहुतेक सर्ब नागरिकांना, त्रेबेविच डोंगरावरच्या कझानी नावाच्या दरीपाशी मारून तिथेच टाकलं गेलं. ही माणसं वेढ्यात त्याच रांगांमध्ये उभी राहिलेली, त्याच तोफगोळ्यांना घाबरून तळघरात बसलेली. 'आपले' आणि 'त्यांचे' अशी मोजणी शहरानं आतून सुरू केली की काय होतं, ते हे.

योवान दिव्याक हे सर्ब कुळातले, बोस्नियाच्या सैन्यात राहून साराजेव्होसाठी लढलेले जनरल. त्यांनी या अत्याचारांबद्दल युद्ध चालू असतानाच राष्ट्राध्यक्ष इझेतबेगोविच यांना पत्र लिहिलं. सरकार उशिरा हललं. २६ ऑक्टोबर १९९३ ला कारवाई झाली, तिच्यात तोपालोविचनं पकडायला आलेल्या पोलिसांना मारलं आणि नंतर तोही मारला गेला. पुढे १९९७ मध्ये साराजेव्होतल्याच 'दानी' या नियतकालिकानं कझानीचं प्रकरण छापलं, धमक्या येत असताना.

नोव्हेंबर २०२१ मध्ये महापौर बेन्यामिना कारिच यांच्या काळात कझानीला स्मारक झालं. मेलेल्यांची नावं त्यावर आहेत. मारलं कुणी, हे तेव्हा लिहिलं गेलं नाही. ते लिहा, असं सांगणारे लोक साराजेव्होतच राहतात, तेच शहर ज्यांनी वेढ्यात सोडलं नाही त्यातलेही काही त्यांच्यात आहेत.