फूल आले म्हणजे बटाटा झाला, असे नव्हे

दर जानेवारीत गोव्यात परसबाग करणाऱ्यांच्या फोनवर एक संदेश फिरू लागतो. मजकूर साधारण असा: 'बटाट्याला फूल आले की बटाटे तयार, लगेच काढा. फूल आले नाही तर खाली काही नाही, झाड उपटून टाका. काढायच्या आधी आठवडाभर भरपूर पाणी द्या, बटाटे मोठे होतात. काढल्यावर धुऊन उन्हात वाळवा. हिरवे पडले तरी घाबरू नका, उकडल्यावर विष जाते. घाई नसेल तर जमिनीतच राहू द्या, लागतील तसे काढा.'

यंदा हा संदेश वाचून आमच्या डिचोलीतल्या एका वहिनींनी पंधरा हिरवीगार झाडे उपटली. लावणीला जेमतेम पन्नास दिवस झाले होते. मुळांशी काही सुपारीएवढे, काही लिंबाएवढे बटाटे लोंबत होते. दिवाळीनंतर वाफे करून, राख-शेणखत घालून, विहिरीचे पाणी ओढून वाढवलेली झाडे ती. ती पाहून मला फार वाईट वाटले, म्हणून हे लिहितो आहे.

सगळा घोळ फुलापासून सुरू होतो. बटाटा हे फळ नाही. फुलापासून जे फळ धरते ते कच्च्या टोमॅटोसारखे हिरवे आणि विषारी असते. बटाटा म्हणजे मातीखाली वाढणाऱ्या खोडाच्या फांदीचे फुगलेले टोक. त्याला फुलाची गरज लागत नाही. उलट दोघांच्या आवडी वेगळ्या. फुलाला मोठा दिवस हवा, बटाटा धरायला लहान दिवस आणि गार रात्र बरी. डिसेंबरात आपल्याकडे दिवस सव्वाअकरा तासांच्या आसपास असतो. म्हणजे ज्या हवेत बटाटा चांगला धरतो, त्याच हवेत कळ्या येत नाहीत किंवा येऊन गळतात. देशातल्या मैदानी भागात हिवाळी बटाट्याला फूल क्वचितच दिसते. म्हणूनच नव्या जातींसाठी संकर करण्याचे काम सिमल्याजवळच्या कुफरीला, उन्हाळ्यातल्या लांब दिवसांत केले जाते. कुफरी ज्योती, कुफरी चंद्रमुखी या नावांतली 'कुफरी' ती हीच. फुलावाचून पीक नसते, तर पंजाबपासून बंगालपर्यंत बटाटा झालाच नसता.

आणि समजा, फूल आलेच. तरी तेव्हा बटाटा नुकता पोसायला लागलेला असतो. कोवळे, पातळ सालीचे बटाटे हवे असतील तर फुलानंतर दोन-तीन आठवड्यांनी एखादे झाड हलक्या हाताने उकरावे. घरात साठवायचे असतील तर तेवढ्याने भागत नाही.

मग ओळखायचे कसे? आधी दिवस मोजा. बेणे लावल्याची तारीख लिहून ठेवा. लवकर येणाऱ्या जातींना ८० ते ९० दिवस लागतात, ज्योतीसारखीला १०० पर्यंत. त्यानंतर पाला बघा: खालची पाने आधी पिवळी पडतात, मग खोड सुकून आडवे होते. पण पिवळेपणावर एकट्यावर विसंबू नका. पाणी जास्त झाले, करपा रोग आला, तरी पाने पिवळी पडतातच. हिरवे झाड एकाएकी मान टाकू लागले तर तो 'मर' हा झाड सुकवणारा रोग असू शकतो. आपल्याकडे वांगी लावणाऱ्यांना तो चांगला ठाऊक आहे. अशा झाडाचा एक बटाटा कापून पाहा. आत तपकिरी कडे आणि चिकट स्राव दिसला तर झाड मुळासकट बाहेर काढा, बटाटे तयार होण्याची वाट पाहू नका.

शेवटची परीक्षा अंगठ्याची. एक बटाटा उकरा आणि सालीवर अंगठा जोर देऊन घासा. साल सरकली तर पुन्हा माती ओढा आणि थांबा. साल जागची हलली नाही तर बटाटा तयार.

पाण्याचा सल्ला तर थेट नुकसानीचा. काढायच्या दहा-बारा दिवस आधी पाणी बंद करून पाला जमिनीलगत कापायचा असतो, म्हणजे साल घट्ट होते. भरपूर पाणी प्यायलेला बटाटा खरचटतो आणि टोपलीत कुजतो. आपल्या दमट हवेत तर लवकरच. वाफसा असताना, म्हणजे माती चिखल नाही आणि खडखडीतही नाही अशी असतानाच खणावे.

धुऊ नये, माती कोरडी झाली की हाताने झाडावी. उन्हातही वाळवू नये. बटाटे सावलीत, वारा लागेल अशा अंधाऱ्या जागी दहा-पंधरा दिवस पसरून ठेवले की ओरखडे भरून येतात.

आता हिरवेपणा. इथे जिवाशी गाठ आहे, म्हणून स्पष्ट सांगतो: उकडल्याने ते विष जात नाही. हिरवा रंग स्वतः निरुपद्रवी हरितद्रव्याचा असतो, पण ज्या उजेडाने तो येतो त्याच उजेडाने सोलानिन हे विषही वाढते, आणि ते उकळत्या पाण्याला दाद देत नाही. मळमळ, उलट्या, पोटदुखी होते. सालीजवळ लहानसा डाग असेल तर जाड कापून टाकावा. बटाटा बराच हिरवा झाला असेल किंवा कडू लागला तर भाजीत घालूच नये, मुलांच्या ताटात तर नाहीच.

'जमिनीतच ठेवा' हा सल्ला थंड देशांत चालेल. आपल्याकडे रात्री २० अंशांच्या आसपास असतात त्या डिसेंबर-जानेवारीत. बटाट्याचे पोसणे त्यातच उरकते. फेब्रुवारी सरत आला की जांभी माती तापते, तडे जातात, त्यातून पाकोळी बटाट्यांवर अंडी घालते आणि अळ्या आत बोगदे करतात. शिगम्यापर्यंत, म्हणजे होळीपर्यंत थांबणाऱ्याच्या हाती कोंब फुटलेले, पोखरलेले बटाटे येतात.

वहिनींकडे गोण्यांत लावलेली सहा झाडे अजून आहेत. लावणी १५ नोव्हेंबरची, फूल एकही नाही. काल आम्ही एक गोणी कडेने उकरली. बटाटा अंड्याएवढा होता, साल अजून सरकत होती. पाला ३ फेब्रुवारीला कापायचे ठरले आहे, १५ ला काढणी.