आमचा लाकडी नंदी कुठे गेला?

घडीचं डेस्क, बोलणारे अंक, फोमची खुर्ची... मुलांच्या वस्तूंच्या डिझाइनवरच्या लेखातल्या या वस्तू देखण्या आहेत, पण एसीच्या खोलीत बसून आखल्यासारख्या वाटल्या. यवतमाळकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. त्या फोमवर पोट्टं दहा मिनिटं टिकणार नाही. त्यापेक्षा सुताची विणलेली खाट बरी, खालून हवा तरी लागते.

आणि तान्ह्या पोळ्याचा नंदी? पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं चाकांचा लाकडी नंदी दोरीनं ओढत घरोघरी बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागतात. खालची पाटी अरुंद असली की वळणावर तो कलंडतो, म्हणून जाणता सुतार ती रुंद ठेवतो, चाकं लांब-लांब बसवतो. हेही डिझाइनच ना!

खोट एकच, रंग. दाराला लावतात तोच ऑइलपेंट नंदीला, त्यात विषारी शिसं असू शकतं, आणि लहान लेकरू शिंग आधी तोंडात घालतं. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं. नोंदणीकृत हस्तकला कारागिरांना त्यातून सूट आहे. सूट ठीक, पण बिनशिशाचा रंग तालुक्याच्या दुकानात मिळायला हवा. लेखकांनी पुढच्या भागात यावर लिहावं.