पगार आधी वाटला जातो, मग हातात येतो

‘चहा सोडा, वडापाव सोडा, महिन्याला तीन हजार बाजूला टाका आणि साठाव्या वर्षी करोडपती व्हा’ असा एक व्हिडिओ आमच्या ग्रुपवर आठवडाभर फिरतोय. बोलणाऱ्याच्या मागं काचेचं कपाट, अंगात कडक इस्त्रीचा शर्ट. गणित बरोबर आहे त्याचं, त्याबद्दल तक्रार नाही. पण ज्या पोराला तो हे सांगतोय त्याचा पगार त्याच्या एकट्याचा असतो असं त्यानं धरून चाललंय. आमच्या मराठवाड्यात निदान तसं नसतं.

मी संभाजीनगरजवळ वाळूजला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका व्हेंडर कंपनीत हजेरी, पगारपत्रक आणि पीएफचं काम बघतो. १९८५ ला बजाजचा कारखाना इथं आला, त्याच्या आधारानं आमच्यासारख्या कितीतरी कंपन्या उभ्या राहिल्या आणि परभणी, हिंगोली, जालना, बीडकडची पोरं आयटीआय नाहीतर बारावी करून एसटीनं इकडं यायला लागली. त्यांचा पैसा कुठं जातो हे त्यांच्या आईबापापेक्षा मला जास्त माहीत असतं. कारण सात तारखेला पगार पडतो आणि महिना अर्धा झाला नाही तोवर ॲडव्हान्स मागायला तीच पोरं माझ्या टेबलापुढं उभी असतात.

गावाकडून आईबापाचा फोन येतो तो असा: “पोरगं कंपनीत हाय म्हणायचं, पण हाती काय बी लागंना सायब. समदं मोबाइल आन् गाडीत घालायलंय.”

बरं, हिशोब करू. कंत्राटी हेल्परच्या हातात कटून-कुटून चौदा हजार येतात असं धरा. रांजणगाव शेणपुंजीत चौघांत मिळून रूम, त्याच्या वाट्याचं भाडं नि लाइटबिल सतराशे. खानावळ बत्तीसशे. पेट्रोल बाराशे, रिचार्ज साडेतीनशे. घरी पाच हजार. उरले अडीच हजार. यात आजारपण नाही, कपडालत्ता नाही, मित्राच्या लग्नाचा आहेर नाही, सणाला गावी जायचं भाडंही नाही. व्हिडिओवाल्या साहेबांना यातून तीन हजार काढून दाखवायला सांगा.

आता कोणी म्हणेल, घरी पाच हजार कशाला, बापाला शेती आहे ना? आहे की. सेलू-जिंतूरकडची चार-पाच एकर, पावसावरची. सोयाबीन २०२१ च्या ऑगस्टमध्ये क्विंटलला दहा हजारांच्या वर गेलं होतं, आठवतंय ना? त्या आशेवर सगळ्यांनी सोयाबीनच पेरलं. २०२४ ला हमीभाव ४,८९२ होता आणि बाजारात चार हजार-बेचाळीसशेला माल घालावा लागला. मग २०२५ च्या सप्टेंबरात नद्या शेतात शिरल्या, धाराशिव, बीड, लातूर, नांदेडला पीक तर गेलंच, कुठं कुठं मातीसुद्धा खरवडून गेली. अशा घरात दर महिन्याला ठरल्या तारखेला येणारा पैसा एकच, तो म्हणजे पोराचा पगार. किराणा दुकानदार त्या पगारावर उधारी देतो. कृषी केंद्रवाला त्याच भरवशावर खताच्या गोण्या उचलू देतो. म्हणजे पोराचं बँकेत खातं असलं तरी त्यावर नजर सगळ्या घराची.

आणि सॅलरी स्लिप असलेला माणूस घरात तो एकटाच. ही गोष्ट शहरातल्या माणसाच्या लक्षातच येत नाही. बहिणीचं लग्न ठरलं की बापाला बँक उभं करत नाही, मागचं पीककर्ज थकलेलं असतं. मग पर्सनल लोन पोराच्या नावावर. “सर, तीन महिन्याच्या स्लिपा पाहिजेत” असं म्हणत कोणी खाली मान घालून आला की मी कारण विचारत नाही. गावाकडं मांडव पडायचाय, एवढं कळतं.

जो बाप अठरा हजारांच्या मोबाइलवरून पोराला बोलतो तोच पोरीच्या लग्नाला हजार पत्रिका छापतो. मंगल कार्यालय, डीजे, दोन्हीकडचे आहेर, टोप्या-उपरणी आणि वरून ‘खुशीनं दिलेलं’ काय काय. हुंड्याविरुद्धचा कायदा १९६१ चा आहे, पण खुशीला कोण अडवणार? पोरगा उधळ्या म्हणून गावभर होतो आणि एका दुपारी दोन हजार माणूस जेवायला घालणारा बाप दिलदार ठरतो. मला हे पटत नाही, आणि लग्नाच्या पंगतीत बसूनही मी ते बोललेलो आहे. परत कोणी आग्रहानं वाढलं नाही ते सोडा.

गाडीचंही तसंच. दुसरी पाळी रात्री उशिरा सुटते. त्या वेळी कमळापूर नाहीतर जोगेश्वरीला जायला कोणती बस असते ते मला सांगा. गाडी लागतेच. हां, शंभर सीसीवर भागत असताना दोनशे सीसी कशाला, हा प्रश्न मीही विचारतो. त्यावर एका पोरानं मला गप्प केलं होतं. म्हणाला, “सर, पोरगी बघायला गेलं की पगार किती, परमनंट हाय का, शेती किती, एवढंच विचारतेत. तिन्हीला माझ्याकडं उत्तर नाही. निदान दारात गाडी तरी दिसावं.” यावर काय बोलणार? ती गाडी त्याच्या लेखी चैन नव्हतीच.

माझं भांडण खर्चाशी नाही, तो कुठून भागवला जातो याच्याशी आहे. बीड-परभणीच्या किती तरी पोरांचे आईबाप ऊसतोडीला जाऊन आलेले. मुकादमाकडून उचल घ्यायची, ती दसऱ्या-दिवाळीतच जिरते, मग थंडीभर दुसऱ्याच्या फडात कोयता चालवून फेडायची. फिटली नाही तर पुढच्या वर्षावर. पोरानं यातून सुटावं म्हणून त्याला शिकवलं. पोरगा आता फोनवरच्या ॲपमधून दहा हजार घेतो आणि सात तारखेचा पगार सात तारखेलाच कापून जातो. ही उचलच आहे, मुकादम तेवढा दिसत नाही. क्रेडिट कार्डची थकबाकी महिन्याला साडेतीन टक्क्यांनी चढत गेली तर वर्षाला बेचाळीस टक्क्यांच्या वर व्याज होतं. ‘नो कॉस्ट ईएमआय’ म्हणतात त्यातसुद्धा रोखीवर मिळाली असती ती सूट बऱ्याचदा जाते, वर प्रोसेसिंग फी, आणि बिलात दाखवलेल्या व्याजावर अठरा टक्के जीएसटी. दुकानातला पोरगा हे सांगत नाही. त्याला त्याचं टार्गेट असतं, तोही चौदा हजारांवरच.

आता जे वाचवतात त्यांचं बघू. आमच्या पॅकिंग विभागात पोरी आहेत, बहुतेक बजाजनगर-पंढरपूरकडून (विठोबाचं नव्हे, वाळूजजवळचं पंढरपूर) येणाऱ्या. त्यांची वीस जणींची भिशी चालते. महिन्याला हजार, चिठ्ठी निघेल तिला वीस हजार. आमचे एक इंजिनिअर साहेब त्यांना हसले होते, म्हणे व्याज शून्य, महागाई धरली तर तोटा. अहो साहेब, पण हप्ता चुकत नाही ना! एकोणीस जणींपुढं तोंड दाखवायचं असतं. त्यातल्या एकीनं भिशीच्या पैशावर भावाच्या लातूरच्या क्लासची फी भरली, दुसरीनं अर्धा तोळा केला, आणि सोन्याचं २०२५ मध्ये काय झालं ते आपण पाहिलंच, तोळा लाखाच्या पुढं गेला. भिशी चालवणारी बाई ओळखीची आणि खमकी पाहिजे, एवढी एकच अट.

भीती वाटते ती दुसऱ्याच दोन ठिकाणांची. एक म्हणजे बारा-तेरा टक्के व्याज देतो म्हणणाऱ्या पतसंस्था आणि मल्टिस्टेट, म्हणजे एकाहून जास्त राज्यांत चालणाऱ्या सहकारी सोसायट्या. गेल्या काही वर्षांत बीड, धाराशिव, संभाजीनगरकडं किती लोकांच्या ठेवी अडकल्या हे वेगळं सांगायला नको. माझ्या मावशीचेही अडकलेत, अजून चकरा चालू आहेत. लोकांना वाटतं, बोर्ड आहे, काउंटर आहे, पासबुक आहे, म्हणजे बँकच. बँक बुडाली तर ठेवीवर पाच लाखांपर्यंत विमा असतो, २०२० पासून तेवढा केलाय, आणि सहकारी बँकाही त्यात येतात. पतसंस्थेला आणि मल्टिस्टेट सोसायटीला तो विमा नाही. पैसे ठेवायच्या आधी एवढं एकच विचारा. समोरचा गडबडला की उठा.

दुसरं ठिकाण पोरांच्या खिशात. रूमवर चौघं बसून टेलिग्रामच्या टिप्सवर शेअर बाजारातले ऑप्शन घेतात, म्हणजे भाव वर जाईल की खाली यावर पैसे लावतात. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीनं सप्टेंबर २०२४ मध्ये अभ्यास जाहीर केला, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांचा. फ्युचर्स-ऑप्शनमध्ये उतरलेल्या शंभर साध्या माणसांतले ९३ तोट्यात. आणि २०२३-२४ मध्ये यात उतरलेल्यांपैकी ४३ टक्के तिशीच्या आतले. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं कायदा करून बंदी आणली, तेव्हा आमच्याकडचे दोघं-तिघं उघड-उघड नाराज होते. त्यातला एक आता बँक निफ्टीच्या ऑप्शनचं ‘शिकायलाय’.

या सगळ्यात एकच पैसा असा आहे ज्याच्यावर घरचा, मुकादमाचा, ॲपचा कुणाचा हात पडत नाही. पीएफ. आणि पोरं नेमका तोच काढतात.

आमच्याकडं कंत्राटी पोराला सहा-सात महिन्यांनी ब्रेक मिळतो, म्हणजे काही दिवस कामावरून थांबवतात. ब्रेक मिळाला की त्याचा पहिला फोन मला: “सर, पीएफ काढून द्या.” काढण्यामागं अडचण असते, मान्य. महिनाभर पगार नाही, घरचे पाच हजार थांबले तर बाप शेकड्याला पाच रुपयानं आणणार, म्हणजे वर्षाला साठ टक्के. पण मूळ पगार पंधरा हजार असेल तर काय होतं बघा. तुमचे १,८०० कटतात. कंपनी तेवढेच घालते, त्यातले १,२५० पेन्शनला आणि ५५० पीएफला जातात. म्हणजे दर महिन्याला खात्यात २,३५०, तुम्हाला कळायच्या आत. २०२४-२५ ला व्याज ८.२५ टक्के मिळालं. हाच दर धरला तर पाच वर्षांत एक लाख बहात्तर हजारांच्या आसपास होतात. ज्याला महिन्याला अडीच हजारसुद्धा उरत नाहीत त्याचे हे पावणेदोन लाख. दर ब्रेकला काढत गेलं तर दरवेळी थोडे हजार हातात येतात आणि आठ दिवसांत दिसत नाहीत.

पेन्शनचंही तेच. त्यासाठी दहा वर्षांची नोकरी लागते, आणि ती एकाच कंपनीत झाली पाहिजे असं नाही. कंपनी बदलली तरी यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर, तोच ठेवून खातं पुढं नेलं की वर्षं जोडली जातात. पीएफचा फॉर्म १९ आणि पेन्शनचा १०सी भरून सगळं काढलं की परत शून्यापासून. शिवाय नोकरीत असताना काही बरंवाईट झालं तर घरच्यांना सात लाखांपर्यंत विमा मिळतो, त्यासाठी पोराच्या पगारातून एक रुपयाही कापत नाहीत. हे मी प्रत्येक नव्या बॅचला सांगतो, निम्मे ऐकतात, निम्मे मोबाइल बघतात.

मग ब्रेकमध्ये खायचं काय? इथं मी जे म्हणणार आहे ते बऱ्याच जणांना आवडणार नाही. पोरांनो, ओव्हरटाइमचा आकडा घरी सांगू नका. चौदा हजार सांगितले असतील तर घरासाठी चौदाच राहू द्या. वरचे जे हजार-दोन हजार येतील त्यातून पोस्टात आरडी, म्हणजे दर महिन्याला ठरलेला हप्ता भरायची ठेव, काढा. शंभर रुपयांपासून निघते, पाच वर्षांची असते, २०२५ मध्ये ६.७ टक्के व्याज होतं. महिन्याला हजार भरले तर शेवटी एकाहत्तर हजारांच्या वर मिळतात. वर्षभर हप्ते भरले की अडीनडीला त्यावर निम्म्यापर्यंत कर्जही मिळतं, ब्रेकचा महिना त्यात निघतो. आईबापापासून लपवायचं म्हणजे पाप, असं कालच एका मित्रानं सुनावलं. मी म्हणलं, तुझ्या आईनं बचत गटाचे पैसे तुझ्या बापाला कधी सांगितले होते का? ते दिसले असते तर बैल नाहीतर बोअर, कशात तरी गेलेच असते. बोअरला पाणी लागलं असतं का, तो वेगळा विषय.

आणि बापांना एक विनंती. पोरगा घरी देतो ते त्याचं कर्तव्य म्हणून घ्या, पण पुढच्या लग्नाचा आकडा ठरवताना त्याला विचारा. हप्ता त्याच्या खात्यातून जाणार असेल तर याद्या करायच्या बैठकीत त्यालाही बसवा. आमच्या भागात पगार देणारा पोरगा त्या बैठकीत पाहुण्यांना पाणी द्यायला उभा असतो.

आमच्या कंपनीतली जी पोरं हे वाचतायत त्यांच्यासाठी: यूएएनचा पासवर्ड विसरला असाल किंवा नॉमिनेशन भरायचं राहिलं असेल तर सोमवारपासून जेवणाच्या सुट्टीत ऑफिसला या. आधार, बँकेचं पासबुक, ज्याचं नाव लावायचं त्याचं आधार आणि फोटो आणा. मोबाइल नंबर आधारला जोडलेला पाहिजे, नाहीतर ओटीपी येत नाही. आणि ज्यांची लग्नं नुकतीच झालीत त्यांनी आधी या, लग्नाआधी भरलेलं नॉमिनेशन आता धरत नाहीत.