कानटोपीची सक्ती

महाशिवरात्रीला थंडी ‘शिव शिव’ म्हणत निघून गेली, फाल्गुन लागला, हे घरात सगळ्यांना मान्य आहे. फक्त आमच्या दीड वर्षाच्या लेकीची कानटोपी काढायला कोणाची तयारी नाही. परभणीत या दिवसांत पहाटे पारा १५-१६ अंशांवर असतो आणि दुपारी ३४-३५ पर्यंत चढतो, तरीही सकाळी चढवलेला लोकरी स्वेटर सासूबाईंच्या आज्ञेने दुपार टळेपर्यंत अंगावर राहतो. दिवाळीत घेतलेल्या त्या स्वेटरच्या बाह्या आता मनगट सोडून वर सरकल्या आहेत, मानेभोवती घामोळ्या उठल्या आहेत, आणि पोरीने स्वतःच टोपी ओढून ज्वारीच्या पोत्यामागे फेकली, तर ‘किती हट्टी झाली’ हा शेराही तिच्याच माथी! शेजारच्या काकू येतात, पंखा बंद करतात आणि ‘लेकराला वारं लागंल’ असे बजावतात (स्वतः मात्र पदराने वारा घेत बसतात). यावर काही बोलावे, तर ‘आजकालच्या आया’ हे ठरलेले वाक्य ऐकावे लागते. सर्दी झाली की दोष पंख्याचा, घामोळ्या आल्या की दोष मी आणलेल्या साबणाचा. स्वेटरला मात्र कोणी अवाक्षर बोलत नाही.