दहाव्या दिवशी आरशासमोर निकाल लावू नका

‘इम्प्लांटच्या ऑपरेशनला दहा दिवस झाले आणि दोन्ही बाजू सारख्या दिसत नसतील, तर डॉक्टरने काम बिघडवलं असं समजा.’ असा सुरू होणारा एक लांबलचक मेसेज सध्या नाशिकमध्ये भिशीच्या ग्रुपपासून सोसायटीच्या ग्रुपपर्यंत फिरतोय. शेवटी हात जोडलेले आणि ‘प्रत्येक भगिनीपर्यंत पोहोचवा’. पोहोचवला की! स्तन मोठे करण्याच्या ऑपरेशननंतर दुसऱ्याच आठवड्यात माझ्या मामेबहिणीला तो मिळाला. ती इंदिरानगरला राहते. ऑपरेशनचं घरात मोजक्यांनाच ठाऊक आहे, आणि विश्वासाने जिला सांगितलं त्याच मैत्रिणीने काळजीपोटी तो पाठवला. रात्री मला फोन : ‘ताई, डावी बाजू वरच राहिलीय गं. सगळं वाया गेलं का?’

वाया काहीही गेलेलं नाही. तिचं इम्प्लांट, म्हणजे आत घातलेली सिलिकॉनची पिशवी, छातीच्या स्नायूखाली आहे. तो स्नायू नुकताच उचललेला, ताणलेला असतो. तो आखडतो आणि इम्प्लांटला वर ढकलून धरतो. त्यात सूज. म्हणून सुरुवातीला वरचा भाग फुगीर, खालचा रिकामा, आणि सगळं गळ्याजवळ आल्यासारखं दिसतं. स्नायू सैलावतो, खालची त्वचा ताण घेते, तसं इम्प्लांट हळूहळू खाली उतरतं. याला आठवडे लागतात, पुरतं स्थिरावायला तीन ते सहा महिने. दोन्ही बाजू एकाच वेगाने उतरतील असंही नाही. एकीकडे सूज जास्त असते, एकीकडचा स्नायू जास्त कामाचा असतो. शिवाय बहुतेक बायकांचे स्तन मुळातच थोडे कमीजास्त असतात. आधी कोणी निरखून पाहत नाही, ऑपरेशननंतर मात्र तासातासाला आरसा.

इथे एक गोष्ट नाइलाजाने मान्य करते. असमानता हा या ऑपरेशनचा खरा धोका आहे. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, म्हणजे एफडीएने, इम्प्लांटच्या गुंतागुंतींची जी यादी दिलीय त्यात ती स्पष्ट लिहिलेली आहे. पण त्याचा निकाल सूज उतरल्यावर, काही महिन्यांनी लागतो. तेव्हाही फरक राहिला तर दुरुस्तीच्या ऑपरेशनचं बोलता येतं. दहाव्या दिवशी ‘पैसे परत मागा, लगेच दुसरं ऑपरेशन करून घ्या’ हा सल्ला देणाऱ्याने सुजलेल्या, कच्च्या जखमेवर पुन्हा सुरी चालवायला सांगितलंय, एवढं तरी त्याला कळतंय का?

आता ज्यामुळे माझं डोकं फिरलं तो मुद्दा. ‘रोज तीनदा कोमट एरंडेल लावून वरून खाली जोरात चोळा, मग गरम पाण्याच्या पिशवीने शेका, इम्प्लांट जागेवर बसेल. टाक्यांवर हळद दाबा.’

अहो, हा काय मुरगळलेला पाय आहे? पहिली गोष्ट, या ऑपरेशननंतर स्तनाच्या त्वचेची संवेदना अनेकदा कमी होते, काही ठिकाणी पार जाते. माझ्या बहिणीचं ड्रेसिंग ओलं झालं होतं, तिला पत्ताच नव्हता. गाऊनवर डाग दिसला तेव्हा कळलं. अशा कातडीवर शेकाची पिशवी ठेवली तर चटका बसलेला कळणार कसा? फोड आल्यावरच. अशा भाजण्याच्या केसेस प्लास्टिक सर्जनना चांगल्या माहीत आहेत. दुसरी गोष्ट, उष्णतेने रक्तवाहिन्या रुंदावतात, सूज वाढते. ताज्या जखमेवर जोरात चोळलं तर आत रक्तस्राव होऊ शकतो, इम्प्लांट भलतीकडे सरकू शकतं. आणि टाक्यांवर डब्यातली हळद, वर तेल, म्हणजे जंतूंना आमंत्रण. आत परकी वस्तू असताना जंतुसंसर्ग झाला तर कधीकधी इम्प्लांटच काढून टाकावं लागतं. मामींनी एरंडेलाची बाटली शोधायला घेतली होती. मी फोनवरच ओरडले.

हो, काही सर्जन मसाज सांगतात, वरून दाब देणारा पट्टाही देतात. पण ते कोणाला, कधीपासून, किती जोराने, हे इम्प्लांट पाहून ठरतं. गुळगुळीत पृष्ठभागाच्या इम्प्लांटला सांगितलेला मसाज खरखरीत इम्प्लांटला सहसा सांगत नाहीत. आपलं कोणतं, ते डिस्चार्जच्या वेळी मिळणाऱ्या कार्डावर असतं : कंपनी, आकार, लॉट नंबरचं स्टिकर. हे कार्ड फाइलमध्ये जपून ठेवा.

मेसेजमधले बाकीचे दावेही पाहू. ‘सिलिकॉन दुधातून बाळाच्या अंगात जातं.’ अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने 1999 मध्ये सगळा पुरावा तपासून, बाळाला अपाय होतो असं दिसत नाही, असंच म्हटलं. खरा प्रश्न वेगळा आहे. काहींना ऑपरेशननंतर दूध कमी येतं, विशेषतः छेद स्तनाग्राभोवती असेल तर. हे सर्जनला आधी विचारायचं असतं.

‘विमानात फुटतं.’ नाही फुटत. ओझरहून खुशाल जा, फक्त सर्जनने प्रवासाला परवानगी दिल्यावर.

‘इम्प्लांट म्हणजे कॅन्सर.’ यातही अर्धसत्य आहे. मुख्यतः खरखरीत इम्प्लांटशी जोडलेला लिम्फोमाचा, म्हणजे रोगप्रतिकारक पेशींच्या कॅन्सरचा, एक दुर्मीळ प्रकार आहे. एफडीएने 2011 मध्ये त्याबद्दल सावध केलं, आणि 2019 मध्ये अॅलर्गन या कंपनीने आपली बायोसेल नावाची खरखरीत इम्प्लांट जगभरातून परत मागवली. तो स्तनाचा कॅन्सर नाही आणि बहुतेक वेळा काही वर्षांनंतर, उशिरा आलेल्या सुजेतून लक्षात येतो. इम्प्लांट जन्मभराचं नसतं हेही एफडीएच सांगते. पण मेसेजमध्ये यातलं अक्षर नाही, नुसती भीती.

मिश्रीबद्दलही त्यात चकार शब्द नाही. मिश्रीतल्या तंबाखूच्या निकोटिनने रक्तपुरवठा आकसतो, जखम रेंगाळते. मिश्री लावणाऱ्या बाईला हे सांगायला हवं होतं.

आणि शेवटची ओळ : ‘डॉक्टरला फोन करू नका, ते आणखी पैसे काढतील.’ ही सगळ्यात घातक. पहिल्या दिवसांत एक बाजू बघता बघता दुसरीपेक्षा फुगली, टणक झाली, वेदना वाढत गेल्या, तर ती ‘बसायला वेळ लागतोय’ची असमानता नव्हे, आत रक्त साठत असू शकतं. ताप, पसरत जाणारी लाली, टाक्यांतून पू, धाप लागणं किंवा पोटरी दुखून सुजणं, यातही सकाळची वाट पाहायची नाही. रात्रीचे दोन वाजले असले तरी सर्जनच्या नंबरवर फोन लावायचा, आणि ते सांगेपर्यंत काही खायचं-प्यायचं नाही, कारण परत ऑपरेशन थिएटरमध्ये न्यावं लागलं तर भूल द्यावी लागते.