मिलिंद सोमण तुमच्यापेक्षा मोठे आहेत

मॉडेल मंडळींना कुणी सौंदर्याचं रहस्य विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: भरपूर पाणी पिते आणि आठ तास झोपते. उत्पन्न विचारलं की नुसता बेसिक पगार सांगावा, त्यातला हा प्रकार. भत्त्यांबद्दल कुणी बोलत नाही. पण ऐकणाऱ्यांना तेवढं पुरतं, आणि दुसऱ्या दिवशी घराघरांत नवऱ्यांच्या पुढ्यात पाण्याच्या बाटल्या येऊन आदळतात.

माझ्या बाटलीवर रेषा आहेत. नऊ वाजेपर्यंत इथवर, अकरा वाजेपर्यंत तिथवर. आता मी पडलो डोंबिवलीहून सीएसएमटीला जाणारा माणूस. आमच्या लोकलमध्ये भजनी मंडळ असतं, पत्त्यांचा डाव असतो, दसऱ्याला डब्याला झेंडूची तोरणं असतात. संडास मात्र नसतो. त्यामुळे मध्य रेल्वेचा मुरलेला प्रवासी सकाळचा चहासुद्धा वेळापत्रक बघून पितो. नऊच्या रेषेपर्यंत पाणी पिऊन मी एकदा फास्ट लोकल पकडली आणि ती मुलुंडच्या पुढे सिग्नलला उभी राहिली. त्या वेळी माझ्या चेहऱ्यावर जे काही तेज आलं होतं, ते बघून समोरच्याने न मागता उठून मला जागा दिली. बसणं जास्तच अवघड गेलं, हा भाग वेगळा.

झोपेच्या बाबतीत मात्र मी कॅनडाच्या सुपरमॉडेल लिंडा इव्हँजेलिस्टाबाईंना मानतो. १९९० साली ‘व्होग’ मासिकाला त्यांनी सांगून टाकलं की दिवसाला दहा हजार डॉलरपेक्षा कमी मिळणार असतील तर आम्ही झोपेतून उठतच नाही. लोकांनी नाकं मुरडली. मला तर फॅशनच्या दुनियेतून आलेला एवढा एकच सल्ला प्रामाणिक वाटतो. आठ तास झोप कशी मिळवायची? न उठून. हा बाणा मी एका सोमवारी घरी दाखवून बघितला. हिने काही न बोलता पंखा बंद केला.

तरी ही सगळी परदेशातली माणसं. त्यांचा उपद्रव बाटलीपुरता. मराठी घरातल्या पन्नाशीपुढच्या पुरुषाची खरी परीक्षा असते ती मिलिंद सोमण या विषयात.

त्यांचा यात काडीचा दोष नाही, हे आधीच सांगतो. ते आपले धावत असतात. जन्म १९६५चा, ग्लासगोचा. वाढले दादरला, शिवाजी पार्कात. पोहण्यात राष्ट्रीय विजेते. १९९५ साली अलिशा चिनॉयच्या गाण्याच्या व्हिडिओत ते लाकडी पेटीतून बाहेर आले, तेव्हा माझी पिढी लग्नाच्या बाजारात उभी होती. कांदेपोह्यांच्या कार्यक्रमाला आम्ही गेलो की मुलीच्या डोळ्यांत एक बारीकसा हिरमोड दिसायचा. त्याचा उगम त्या पेटीत होता, हे मला फार उशिरा उमगलं.

बरं, वय झाल्यावर तरी माणसाने थोडं सैल सोडावं की नाही? तर २०१५ साली, पन्नाशी गाठता गाठता, झुरिकला जाऊन त्यांनी आयर्नमॅन पूर्ण केली. म्हणजे ३.८ किलोमीटर पोहायचं, मग १८० किलोमीटर सायकल, आणि ते झाल्यावर, कुणी घरी सोडायच्या ऐवजी, ४२ किलोमीटर पळायचं. एकाच दिवसात. मी पंचावन्नचा आहे. “मिलिंद सोमण तुमच्यापेक्षा मोठे आहेत” हे वाक्य आमच्या घरी जिना चढताना, भजी घेताना, बुटाची नाडी बांधताना ऐकू येतं. आणि यातून वय वाढलं म्हणून सुटका नाही. मी ऐंशीचा होईन तेव्हाही ते मोठेच असणार आणि तेव्हाही कुठेतरी पळतच असणार.

शिवाय ते अनवाणी पळतात. मी अनवाणी खाली दूध आणायला गेलो तर ही गॅलरीतून ओरडते, “अहो, पायात काहीतरी घाला, लोक बघताहेत!”

बुटांवरून आठवलं. त्याच १९९५ साली सोमण आणि मधू सप्रे यांची बुटांची ती जाहिरात आली होती. दोघांच्या पायांत बूट, अंगाभोवती एक अजगर, बाकी काही नाही. अश्लीलतेचा खटला १४ वर्षं चालला आणि २००९ साली सगळे सुटले. स्टाइलच्या दृष्टीने मी त्यातून एवढंच घेतलं की बूट चांगले असले तर बाकीच्याकडे कोर्टसुद्धा शेवटी काणाडोळा करतं. हिचा मात्र त्या जाहिरातीवर राग नाही. हिचा राग बँकॉकवर आहे. तिथे झालेल्या १९९२च्या मिस युनिव्हर्स स्पर्धेत मधू सप्रेंना विचारलं होतं की देशाची प्रमुख झालीस तर आधी काय करशील. गरिबी हटवीन, मुलांना हसवीन असं काहीतरी म्हणायचं असतं. मधूताई स्वतः खेळाडू. त्या म्हणाल्या, खेळांसाठी मोठं स्टेडियम बांधीन. नंबर आला तिसरा. आमच्याकडे याचा उल्लेख अजूनही पानिपतच्या आवाजात होतो.

सोमणांच्या घरात पळणारे ते एकटे असते तरी मी निभावून नेलं असतं. पण त्यांच्या आई उषाताई साडी नेसून, अनवाणी त्यांच्याबरोबर रस्त्यावर धावल्या आणि २०२०च्या जुलैत, ८१व्या वाढदिवसाला, त्यांनी १५ पुशअप्स काढले. मग गुळाचा केक खाल्ला. तो व्हिडिओ हिने माझ्या आईला दाखवला. यात हिचा हेतू शुद्ध होता असं ही म्हणते. आईने चष्मा लावून दोनदा बघितला, गुळाच्या केकची कृती विचारली आणि म्हणाली, “तिचा मुलगा आधी करून दाखवतो. याने पंधरा काढावेत, मी सोळा काढते.” त्या दिवसापासून तो व्हिडिओ आमच्या घरात कुणी काढत नाही.

माझी भाचीही मॉडेल आहे. रॅम्पवरची नव्हे. मोबाइलवर कुर्ती घेताना तुम्ही बोटाने जे फोटो सरकवत जाता, त्यांतली. तिचा चेहरा तुम्ही पाहिला नसेल, कारण फोटो पुष्कळदा ओठांपाशीच कापलेला असतो. ताईने एकदा मला तिच्या सोबतीला धाडलं. गोरेगावच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमधला गाळा. एका बाजूला पांढरा पडदा आणि दिवे, दुसऱ्या बाजूला हँगरवर लटकलेल्या साठ-सत्तर कुर्त्या, आणि ते सगळं त्याच दिवशी संपवायचं होतं. वाफेची इस्त्री फुसफुसत होती. भाची पडद्याआड जायची, नव्या कपड्यात यायची, एक पाऊल पुढे, हात खिशात, मान वळव, हसू नकोस, जरा हस, झालं, पुढचा. बाहेर मे महिना तापलेला आणि आत ती लोकरी जॅकेट घालून गारठल्याचा अभिनय करत होती.

मी बसलो होतो तिच्या मागच्या अंगाला. म्हणून मला जे दिसलं ते ग्राहकाला कधी दिसत नाही. समोरून अंगावर शिवल्यासारखी बसलेली ती कुर्ती मुळात तिच्या दुप्पट मापाची होती. स्टायलिस्ट मुलीने मागचं सगळं कापड गोळा करून मानेपासून कमरेपर्यंत काळ्या क्लिपांची रांग लावली होती. किमतीचं लेबल बाहीत खुपसलेलं. सँडलच्या तळव्यांना कागदी चिकटपट्टी, कारण माल डाग न पडता परत जायचा होता. तो फोटो बघून कुणीतरी इचलकरंजीत ती कुर्ती मागवणार आणि आरशासमोर उभं राहून आपल्याच शरीरावर चिडणार.

जेवायच्या सुट्टीत भाचीने दोन वडापाव खाल्ले. मी म्हटलं, “अगं, पोट?”

“क्लिपा आहेत ना, मामा.”

पैसे कधी मिळतात म्हणून विचारलं, तर म्हणाली नव्वद दिवसांनी, तेसुद्धा कोऑर्डिनेटरने फोन उचलला तर. लिंडाबाईंचा नियम पाळायचा तर पोरीला तीन महिने अंथरुणातच काढावे लागले असते.

फ्रान्समध्ये यावर एक उपाय काढलाय. १ ऑक्टोबर २०१७पासून तिथे जाहिरातीतल्या मॉडेलची अंगकाठी संगणकावर बारीक किंवा जाड केली असेल, तर फोटोवर तसं छापावं लागतं. हा कायदा आपल्याकडे फक्त लग्नाच्या बायोडेटाला लावून बघा. निम्मी वधू-वर मंडळं आठवड्यात शटर ओढतील.

तर हे सगळं ज्ञान अंगाशी आलं गणपतीत. आमच्या सोसायटीच्या सांस्कृतिक समितीने यंदा भावगीतांना फाटा देऊन ‘पारंपरिक वेशभूषा रॅम्प वॉक’ ठेवला. बायकांची नावं पहिल्या तासात भरली. पुरुष एकही मिळेना. तेव्हा हिने मला न विचारता माझं नाव दिलं आणि मला कळवताना पुन्हा ते वयाचं वाक्य ऐकवलं.

तयारीत पहिला हल्ला ताटावर झाला. ब्रिटिश मॉडेल केट मॉस २००९ साली म्हणाली होती की बारीक असण्याच्या भावनेइतकं चविष्ट काहीच नसतं. पुढे तिचं तिलाच ते बोलणं खटकलं, पण तोवर वाक्य आमच्या फ्रीजवर पोचलं होतं. केटबाईंच्या पानात कुणी तूप सोडून उकडीचा मोदक वाढलेला नव्हता, एवढंच मी नमूद करतो.

भाची चालायला शिकवायला आली. खांदे मागे, हनुवटी जमिनीला समांतर, पावलं एका रेषेत, नजर समोरच्या एका बिंदूवर, चेहऱ्यावर काहीही नको. मी पार्किंगमध्ये तसा चाललो, तर खजिनदार धावत आले आणि हळू आवाजात म्हणाले, “कोण गेलं?”

“आणि पडलो तर?” मी भाचीला विचारलं.

“पडलास तर हसायचं. नेओमी कॅम्पबेल १९९३ला पॅरिसमध्ये पडली होती, व्हिव्हिएन वेस्टवूडच्या शोमध्ये, वीतभर उंच बुटांवरून. तिथेच बसून हसली. ते बूट आता लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहेत.”

माझ्या पायांत कोल्हापुरी होती, आणि नवी होती. २०२५च्या जूनमध्ये मिलानच्या रॅम्पवर प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने थेट कोल्हापुरीच्या वळणाच्या चपला आणल्या. कोल्हापूरचं नाव मात्र इकडे बोंबाबोंब झाल्यावर घेतलं. त्या मुलांना त्या चावल्या कशा नाहीत, हे कोडं मला पडलंय. मी रात्रभर तेल पाजलं तरी माझी करकर वाजायची ती वाजत होतीच, आणि दुसऱ्या फेरीपर्यंत तिने अंगठ्याची साल काढली.

कुर्त्याची गोष्ट आणखी वेगळी. माझा लग्नातला रेशमी कुर्ता मधल्या तीस वर्षांत आपोआप आटला होता. मग मेव्हण्याचा आणला. तो माणूस माझ्या दीडपट. हिने क्षणभर विचार केला, गॅलरीत गेली आणि कपडे वाळत घालायचे चिमटे घेऊन आली. पिवळे, गुलाबी, पोपटी. मानेपासून कमरेपर्यंत रांग लावून दिली. समोरून बघितलं तर कुर्ता माझ्याच मापाचा शिवलेला. भाचीने व्हिडिओ कॉलवर पाहणी केली, फेट्याचा कोन बदलायला लावला आणि म्हणाली, “परफेक्ट. फक्त पाठ दाखवू नकोस.”

मंडपात रॅम्प म्हणजे सहा टेबलं जोडून वर लाल जाजम. निवेदिकेने नाव पुकारलं. ढोल वाजला. मी नजर समोरच्या समोशांच्या काउंटरवर रोवली आणि निघालो. खांदे मागे, हनुवटी समांतर, चप्पल करकरतेय. लोक खरोखर गप्प झाले. टोकाला पोचलो, कमरेवर हात ठेवून थांबलो, फोटो निघाले. आणि मग लक्षात आलं की रॅम्पला दुसरा दरवाजा नसतो. परत त्याच वाटेने जायचं असतं.

वळलो. असा हशा आमच्या मंडपात कधी झाला नव्हता. पुढच्या रांगेतली पोरं मोठमोठ्याने रंग मोजत होती. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, “अगं बाई, तो पोपटी माझा. वाऱ्याने खाली पडला होता.” मी हसलो. नेओमीबाईंची आज्ञाच होती.

एवढ्यावर भागलं असतं, पण समितीने प्रत्येक स्पर्धकाला एक प्रश्नही ठेवला होता. निवेदिकेने माइक माझ्या तोंडाशी धरला. “तुम्ही सोसायटीचे अध्यक्ष झालात तर सगळ्यात आधी काय कराल?” एकोपा, हिरवळ, ज्येष्ठांसाठी बाकडी, अशी उत्तरं माझ्या आधीच्यांनी दिली होती आणि टाळ्या घेतल्या होत्या. पण माझ्या अंगठ्याची आग होत होती, पाठीत एक चिमटा कापड सोडून कातडीला धरून बसला होता, आणि मला अजून पाच मजले चढून घरी जायचं होतं.

“लिफ्ट दुरुस्त करीन,” मी म्हणालो.

ज्या टाळ्या पडल्या त्या थांबेनात. ज्येष्ठ नागरिक उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सेक्रेटरी घरी आले, जिना चढून, धापा टाकत. हातात लिफ्टच्या देखभालीची फाइल. दोन कंत्राटदारांची कोटेशनं, एकाची वकिलाकरवी आलेली नोटीस आणि कमिटीचा ठराव: हे काम सर्वानुमते माझ्याकडे सोपवण्यात येत आहे. बक्षीस काय मिळालं म्हणून मी विचारलं, तर पहिले तीन नंबर केव्हाच वाटून झाले होते.

ते गेल्यावर हिने फाइल हातात घेतली, वजन करून पाहिली आणि परत माझ्यासमोर ठेवली.

“मधू सप्रेंना निदान तिसरा नंबर तरी दिला होता हो,” ती म्हणाली.