मेरिलँडकरांनी आजारी कधी पडावे?

अमेरिकेतल्या मेरिलँड राज्यात राहून ज्यांना आजारी पडायचे आहे, बाळंत व्हायचे आहे किंवा आईवडिलांची शुश्रूषा करायची आहे, त्यांनी प्रथम कॅलेंडर पाहावे. गव्हर्नर लॅरी होगन यांचा नकाराधिकार मोडून राज्याच्या विधिमंडळाने 2022 साली अशा प्रसंगांसाठी पगारी रजेचा कायदा केला. बारा आठवडे रजा आणि आठवड्याला हजार डॉलरपर्यंत रक्कम, असे त्याचे स्वरूप आहे. पण तेवढ्यावर विसंबून लगेच अंथरूण धरू नये. लाभ मुळात 1 जानेवारी 2025 पासून मिळायचे होते. ते 2026च्या जानेवारीवर गेले, तेथून जुलैवर, आणि 2025च्या दुरुस्तीने थेट 3 जानेवारी 2028 वर. इतकी प्रदीर्घ रजा, तीही डॉक्टरच्या दाखल्याशिवाय, या कायद्याखेरीज राज्यात कोणाच्याच वाट्याला आली नसेल.

पहिल्या तारखेच्या भरवशावर ज्यांनी 2025च्या जानेवारीत पाळणा हलवला, त्यांचे मूल योजना सुरू होताना तीन वर्षांचे असेल, आणि बाळासाठीची रजा तर जन्मानंतर वर्षभरातच घ्यायची असते. तुम्ही असा उतावीळपणा न करता 2027ची अक्षय्य तृतीया धरावी. साडेतीन मुहूर्तांतला मुहूर्त आहे, आणि बोटांवर मोजले तर बाळ जानेवारी 2028च्या अखेरीस येते. तोवर पुण्याहून सासूबाईंना बोलावावे. व्हिजिटर व्हिसावर बहुधा सहा महिने राहता येते, आणि डिंकाचे लाडू त्या स्वतःच घेऊन येतात.

पक्षाघात आणि कर्करोग यांना मुहूर्ताचे भान कमी असते, तेव्हा त्यांना समजावून सांगावे. आमच्या ओळखीच्या एका घरी फ्रिजवर वडिलांच्या केमोच्या तारखा पेनाने लिहिल्या आहेत आणि शेजारी मुलीच्या उरलेल्या सुट्ट्या पेन्सिलीने, कारण त्या दर खेपेला खोडाव्या लागतात.

ताज्या दिरंगाईचे कारणही समजून घ्यावे. केंद्र सरकारच्या धोरणांमुळे आणि नोकरकपातीमुळे अनिश्चितता वाढली, म्हणून आधाराची योजना पुढे गेली. यंदा पाऊस फार आहे म्हणून घर शाकारणे पुढच्या उन्हाळ्यावर टाकणारा शेतकरी आपण याआधी पाहिला नसेल, एवढेच.

शिवाय फायदाही पाहावा. पगाराच्या 0.9 टक्के वर्गणीतला कामगाराचा निम्मा वाटा 2027च्या जानेवारीपर्यंत कापला जाणार नाही. साठ हजार डॉलर पगारावर वर्षाला 270 डॉलर वाचले. मधल्या काळात दुखणे आलेच, तर 1993चा केंद्रीय कायदा आहे. त्यानुसार, मालकाकडे किमान पन्नास माणसे असतील आणि इतर अटी जुळत असतील, तर बारा आठवडे खुशाल पडून राहता येते, अर्थात बिनपगारी. आणि फ्रिजवर 3 जानेवारी 2028 ही तारीख टिपायची झाली, तर तीही पेन्सिलीनेच टिपावी.